लंडनमधला एक शनिवार : परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी फिरावं का, आणि फिरताना शिकावं काय?

घोलवड : गावातलं कुणी शिकायला परदेशी गेलं की त्याची खबर आपल्याला लागते ती व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून. एखाद्या पुलावरचा फोटो, लाल बसचा फोटो, कुठल्याशा म्युझियमच्या दारातला फोटो. अभ्यासाचा फोटो कुणी टाकत नाही, कारण टेबलावरच्या पुस्तकांत बघण्यासारखं काय असतं? मग इकडे चर्चा सुरू होते, "शिकायला गेलाय की फिरायला?" आईबाप कानकोंडे होतात. ज्यांनी कर्ज काढलंय त्यांच्या तर पोटात गोळाच येतो.

परदेशातल्या विद्यापीठात आठवड्याचे पाच दिवस वर्ग, वाचन आणि लिखाण यांत जातात. शनिवार-रविवार मोकळा मिळतो. तो खोलीत झोपून काढायचा, नुसते सेल्फी काढत घालवायचा, की त्यातून काही कमवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. डहाणू-तलासरीतली एखादी मुलगी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकतेय असं समजा. तिचा एक शनिवार कसा जाऊ शकतो, कुठल्या जागा फुकट पाहता येतात आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, ते पाहू.

आधी पैशाचा हिशोब

केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची 'राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती' आहे. योजनेच्या नियमांप्रमाणे वर्षाला संपूर्ण देशातून २० जागा. त्यातल्या १७ अनुसूचित जमातींच्या मुलांसाठी आणि ३ विशेष असुरक्षित आदिम गटांसाठी. आपल्याकडचा कातकरी समाज या आदिम गटांत मोडतो. ३० टक्के जागा मुलींना ठेवलेल्या आहेत. फी सरकार भरतं आणि राहण्या-खाण्यासाठी ब्रिटनमध्ये वर्षाला ९,९०० पौंड मिळतात.

पौंड सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे हा आकडा इथून मोठा दिसतो. पण भाग देऊन बघा. महिन्याला ८२५ पौंड, म्हणजे दिवसाला साधारण २७ पौंड. ब्रिटनचं सरकार व्हिसा देताना लंडनमध्ये राहायला महिन्याला सुमारे दीड हजार पौंड लागतील असं धरतं. म्हणजे शिष्यवृत्तीची रक्कम त्याच्या जेमतेम अर्ध्यावर येते. म्हणूनच बरीच मुलं शिकता शिकता काम करतात. पदवीच्या पातळीवरच्या अभ्यासक्रमांना सहसा सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायची मुभा असते.

तेव्हा पोरगी मजा मारतेय असं वाटत असेल, तर आधी हे गणित लक्षात घ्या. तिला फिरायचं तर पै-पै मोजूनच फिरावं लागतं. सुदैवानं लंडनमधली बरीच मोठी संग्रहालयं सगळ्यांना फुकट आहेत. बसच्या एका फेरीला गेली काही वर्षं पावणेदोन पौंड पडतात. त्याच भाड्यात तासाभरात दुसरी, तिसरी बसही धरता येते. दिवसभर बसच वापरली तर ठरावीक रकमेनंतर पुढचे पैसे कापले जात नाहीत. घरून डबा नेला तर सगळा दिवस पाच-सहा पौंडांत निघतो.

सकाळ : किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०

सुरुवात शहराच्या उत्तर भागातून करायची. चॉक फार्म स्टेशनवरून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथल्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. घर बघायला मिळतं, पण वेळा बदलतात, म्हणून आधी चौकशी करून जावं.

हे ठिकाण पहिलं का घ्यायचं? कारण परदेशातल्या शिक्षणात पैशाची ओढाताण काय असते, ते या घराची गोष्टच सांगते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली तिथून लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले. तेव्हा कुठं १९२० साली पुन्हा लंडन गाठता आलं.

म्हणजे मध्ये तीन वर्षं गेली. आज शिष्यवृत्तीचा हप्ता महिना-दोन महिने लांबला की मुलं घाबरून जातात, आणि ते साहजिकच आहे. त्या मुलीनं या दारात उभं राहून एवढं तरी मनाशी धरावं, की अडलेलं शिक्षण पुन्हा सुरू करता येतं.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. वर चढलं की अर्धं लंडन समोर दिसतं. तिकीट नाही. डबा खायला जागा झकास.

दुपार : ब्रिटिश म्युझियम

टेकडीवरून उतरून बसनं ब्लूम्सबरी भागात यायचं. ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ सालची. कायमची दालनं बघायला पैसे लागत नाहीत. आत शिरल्यावर मोठ्या काचेच्या छताखाली मधोमध एक गोल इमारत दिसते. ते १८५७ साली सुरू झालेलं वाचनालय. कार्ल मार्क्स इथंच बसून वाचत. बाबासाहेबही इथंच बसत.

त्यांच्या चरित्रांत त्या दिवसांचं वर्णन आहे. सकाळी घरमालकीण द्यायची तो पावाचा तुकडा आणि कपभर पेय घेऊन निघायचं, वाचनालय उघडताना आत जायचं आणि बंद होईपर्यंत उठायचं नाही. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री पुन्हा अभ्यास आणि भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे. १९२१ साली एम.एस्सी. झाली आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली.

हे ऐकून कुणी म्हणेल, "बघा, ते फिरत नव्हते, वाचत होते!" खरंय. पण त्यांची पुस्तकं घरात नव्हती, ती म्युझियमच्या पोटात होती. आजच्या मुलाला निम्मं वाचन मोबाईलवर मिळतं. मोबाईलवर न मिळणारं बघायला मात्र आजही त्या जागेवर जावंच लागतं.

उदाहरणार्थ, याच म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावती स्तूपाचे कोरीव दगड आहेत. ते बघताना तीन प्रश्न विचारायचे : हे कुठून आलं, कुणी आणलं, आणि ते इथं का आहे? उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या पाटीवर थोडंफार असतं. जे पाटीवर नाही तेही ओळखायला शिकायचं. इतिहास, पुरातत्त्व, कायदा, कला, कुठल्याही विषयाच्या मुलाला ही सवय उपयोगी पडते.

त्या जुन्या वाचनालयातला पुस्तकांचा साठा १९९७ च्या सुमारास सेंट पँक्रस भागातल्या ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलवला गेला. तिथला वाचक-पास फुकट मिळतो. ब्रिटिश राजवटीतली हिंदुस्थानची सरकारी दप्तरं तिथंच आहेत. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी आपण ठाण्यात होतो, त्यामुळे आपल्या भागाची जुनी माहिती 'ठाणे' नावाखाली शोधावी लागते. १८८२ सालच्या मुंबई गॅझेटिअरचा १३ वा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे. डहाणूची बंदरं, जंगलं, जमाती, शेतसारा यांची माहिती त्यात आहे. हा खंड आता इंटरनेटवरही वाचता येतो, त्यामुळे घोलवडच्या ओट्यावर बसूनही तुम्ही तो उघडू शकता.

पायी वीस मिनिटं : कॉलेज आणि पूल

म्युझियममधून दक्षिणेकडे चालत निघालं की वीसेक मिनिटांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येतं. वाट थोडी वाकडी केली तर ग्रेज इनही बघता येतं. या दोन्ही जागांतलं पायी अंतर कळलं की बाबासाहेब दोन अभ्यासक्रम एकाच वेळी कसे करत असतील याचा अंदाज येतो. वाचनालय, कॉलेज आणि बॅरिस्टरीची संस्था, तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नकाशावर बघून हे लक्षात येत नाही, चालल्यावरच येतं.

तिथून पुढं वॉटर्लू पूल. थेम्स नदीच्या दोन्ही काठांवरचं शहर इथून दिसतं. स्टेटसवरचे बरेच फोटो याच पुलावरचे असतात. पण आताचा हा पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला आणि पुरुष लढाईवर गेल्यामुळं कामावर मोठ्या संख्येनं बायका होत्या, हे फोटो टाकणाऱ्यांतल्या थोड्यांनाच माहीत असतं. आजही तिथले लोक त्याला 'बायकांचा पूल' म्हणतात. फोटोखाली एवढी एक ओळ लिहिली तर गावातल्या चार जणांना नवं काही कळेल.

रस्त्यावर चालताना एक काळजी घ्यायची. लंडनमध्ये सायकल-मोटारसायकलवरून येऊन हातातला मोबाईल हिसकावणारे बरेच आहेत. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाईल बघू नये. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आडोशाला जाऊन बघावा.

दुसरा शनिवार : वाघनखं आणि पाटी वाचायची कला

सगळं एका दिवसात कोंबू नये. साउथ केन्सिंग्टन भागातलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दुसऱ्या शनिवारसाठी ठेवावं. तेही फुकट आहे. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखं आठवतात ना? ती याच म्युझियमनं महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी दिली. साताऱ्यात काम केलेला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ याच्याकडून ती ब्रिटनमध्ये गेली.

तेव्हा आपल्याकडे बराच वाद झाला. ही वाघनखं छत्रपती शिवाजी महाराजांनी वापरलेली आहेत का? म्युझियमचं म्हणणं असं, की पेटीवर तसं लिहिलेलं आहे, पण तीच ती वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही. शिकण्याची गोष्ट इथं आहे. 'असं लिहिलेलं आहे' आणि 'असं सिद्ध झालं आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. महाराजांचा मोठेपणा कुठल्या पेटीवरच्या मजकुरावर अवलंबून नाही, त्यामुळे हा फरक मान्य करायला घाबरायचं कारण नाही. व्हॉट्सअॅपवर रोज येणाऱ्या 'इतिहासा'कडे बघतानाही हाच फरक कामाला येतो.

त्याच म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला वाघ, आणि आत हँडल फिरवून आवाज काढणारं यंत्र. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. लहान भावंडांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला यासारखी दुसरी वस्तू नाही.

संध्याकाळ : चिकू कुठला, विचारा!

आता आपल्या घरची गोष्ट. वेम्बली आणि साउथॉल या भागांत भारतीय दुकानांची मोठी बाजारपेठ आहे. फळांच्या दुकानांत हंगामात चिकूही दिसतो. घोलवडच्या मुलीनं तिथं नुसतं 'आपला चिकू!' म्हणून फोटो काढून निघू नये. तिनं चार गोष्टी बघाव्यात : किलोचा भाव किती, खोका कसला, फळ किती पिकलेलं, आणि खोक्यावर गावाचं नाव आहे की नुसतं 'भारत'.

'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. घोलवडच्या जमिनीत कॅल्शियम जास्त असल्यानं इथल्या चिकूला वेगळी गोडी येते, असं मानांकनाच्या माहितीत म्हटलं आहे. २०२१ साली या मानांकनाचा चिकू पालघर जिल्ह्यातून ब्रिटनला रवाना झाला होता. म्हणजे रस्ता उघडलेला आहे. अडचण फळाच्या स्वभावातच आहे. चिकू काढल्यावर काही दिवसांतच पिकतो आणि मऊ पडतो, दूरचा प्रवास त्याला सोसत नाही. म्हणून खोका, थंडावा आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो.

दुकानदाराला दोन मिनिटं विचारलं, "माल कुठून येतो, किती वाया जातो, गिऱ्हाईक कोण?" तर जी माहिती मिळेल ती इथल्या वाडीवाल्याला आणि पॅकिंग करणाऱ्या बचतगटाला सोन्यासारखी आहे. आणि गंमत म्हणजे चिकूचं झाड मूळचं आपलं नाहीच. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेलं. बाहेरून आलेली गोष्ट आपल्या मातीत रुजवून तिला आपलं नाव देण्याचं काम या गावानं आधीच करून दाखवलंय.

लंडनला मराठी माणसांची सोबत हवी असेल तर तीही आहे. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. सणासुदीला मंडळात गेलं की पुरणपोळीही मिळते आणि खोली, काम, डॉक्टर यांची खात्रीची माहितीही.

घरी फोन कधी?

उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. हिवाळ्यात साडेपाच तास. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले की आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणून शनिवारचा फोन तिकडच्या दुपारी केलेला बरा. डिसेंबरात तिथं चारच्या आधी सूर्य मावळतो. त्या दिवसांत बऱ्याच मुलांना उदास वाटतं. मूल महिनाभर 'बरंय' एवढंच बोलत असेल तर 'अभ्यास कर' म्हणण्याआधी 'बाहेर पडतेस का?' असं विचारा. अशा वेळी शनिवारचं फिरणं औषधासारखं लागू पडतं.

पाहिलेलं घरी आणायचं कसं?

याचंही उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. लहान मुलांना शिकवायची माँटेसरी पद्धत इटलीतली. तिची साधनं महाग, सुबक, शहरी शाळांना परवडणारी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ साली ते कोसबाडला गेलं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी ती पद्धत उचलली, पण साधनं इथली घेतली : खडे, शिंपले, पानं, बिया, काठ्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

त्यांनी इटलीची नक्कल केली असती तर कोसबाडची टेकडी कुणाला माहीत झाली नसती. परदेशी गेलेल्या मुलाकडून गावानं हेच मागावं. दर शनिवारी रात्री वहीत तीन ओळी लिहायला सांगा : आज काय पाहिलं, त्यातलं काय कळलं नाही, आणि आपल्या गावात यातलं काय चालेल. वर्षभरात पन्नासेक पानं होतील. सुट्टीत मूल घरी आलं की त्याला शाळेत, ग्रामपंचायतीत बोलवा आणि त्या वहीतलं वाचून दाखवायला सांगा. सातवी-आठवीतली पोरं ते ऐकतील, आणि परदेशातलं शिक्षण म्हणजे नेमकं काय ते त्यांना आपल्याच भाषेत कळेल.

जायचं असेल तर

- अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिष्यवृत्तीची, अशा दोन्ही जाहिराती बघाव्यात. चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.
- अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात.
- केंद्राची आदिवासी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि त्यापुढच्या संशोधनासाठी आहे, त्यामुळे आधी इथली पदवी चांगल्या गुणांनी हवी. नियमांत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६ लाख रुपये आहे.
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट हे पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयार ठेवा. बरीच मुलं गुणांत बसतात आणि कागदांत अडकतात.
- अटी दर वर्षी बदलू शकतात. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.